दिवाळीनंतर पाखरं रात्री फडफडतात, मादी अंड्यावर अंडं देते, पिसं झडणं थांबत नाही: औषधाच्या आधी पिंजऱ्यावरचा लाईट तपासा

दिवाळी झाली की दरवर्षी हेच सुरू होते. रात्री दोन-अडीचले पिंजऱ्यात एकदम फडफड, सकाळी पाहावं तं तळाले पिसं पडलेली अन् एखाद्याच्या पंखाले रक्त, मादीची एक खेप उबवून होत नाही तं तिनं दुसरी अंडी दिलेली, त्यातली एक-दोन नरम कवचाची, नर दिवसभर भांडून राहिले. मंग लोक पाण्यात टॉनिक टाकतात, कोणी पिंजरा बदलते, कोणी जोडी बदलते, पंधरा दिवस बरं वाटते अन् पुन्हा तेच. मी गावात वायरिंगची कामं करतो अन् घरी पाखरं पण आहेत, त्यामुळे दोन्हीकडचे लोक मलेच विचारतात. बहुतेक घरांत पिंजऱ्यापुढं उभं राहून वर पाहिलं की कारण तिथंच लटकलेलं दिसते. उजेड कमी पडला म्हणून हा त्रास होत नाही, उजेडाले वेळ नाही म्हणून होते. लाईट कवा लागला, कवा बंद झाला, मधात कितीदा गेला अन् आला, याचा काही मेळच नसते.

हे बजरीगर (ज्याले आपल्याकडे दुकानदार लव्हबर्ड म्हणूनच विकतात), कॉकटेल, आफ्रिकन लव्हबर्ड अन् झेब्रा फिंच यांच्यासाठी लिहून राहिलो. राघू, पहाडी पोपट, मुनिया हे आपल्या इथले पक्षी आहेत, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ते घरी पिंजऱ्यात ठेवता येत नाहीत, त्यांच्याबद्दल हे नाही.

पहिले कारण समजून घ्या, नाही तं खालचे उपाय अर्धवट होतील. पक्ष्याले उजेड फक्त डोळ्यानं कळत नाही. त्याच्या मेंदूत खोलवर उजेड ओळखणाऱ्या पेशी असतात, कवटी पातळ असल्यामुळे उजेड तिथवर पोहोचते, अन् दिवस मोठा होऊन राहिला का लहान हे शरीर त्यावरून ठरवते. दिवस मोठा म्हणजे दाणापाणी भरपूर, पिल्लं काढायचा हंगाम आला, असा त्याचा हिशोब. अंड्याच्या कोंबड्यांचा फार्म ज्यांनी पाहिला त्यांले हे सांगायची गरज नाही, तिथं लेअर कोंबडीले दिवसाचे १६ तास उजेड मुद्दाम देतात, तेव्हाच ती रोजच्या रोज अंड्यावर राहते. आता आपल्या घरचं पाहा. नागपूर-वर्धेकडे डिसेंबरच्या शेवटी सूर्याचा दिवस जेमतेम ११ तासांचा असते, जूनमध्ये सव्वातेरा-साडेतेरा तास. अन् घरात? पहाटे पाचले चहासाठी लाईट लागते, रात्री सिरियल संपेपर्यंत अकरा वाजतात. म्हणजे भर थंडीत, जेव्हा पाखराच्या शरीरानं आराम करायचा, तेव्हा आपण त्याले १८ तासांचा दिवस देऊन राहिलो, लेअर फार्मपेक्षाही मोठा. फार्मवर तिले त्या हिशोबानं कॅल्शियम भरलेलं खाद्य तरी असते, आपल्या मादीले नुसती कांगणी. मंग कवच नरम येणारच, अंडं अडकणारच.

बजरीगरच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात ठेवा, तो मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या मुलखातला, तिथं पाऊस पडला अन् गवताले दाणा आला की तो जोडी लावते, त्यामुळे एकटा उजेडच सगळं करत नाही. लांब उजेड, अंडी घालायले लटकवलेला मटका अन् वरून रोज भिजवलेलं धान्य किंवा उकडलेलं अंडं, हे तिन्ही एकत्र झाले की मादी थांबतच नाही. ती त्या अवस्थेत आहे का हे ओळखायले तिच्या चोचीवरची नाकाची गादी पाहा, गडद तपकिरी अन् खरखरीत झाली असंल तं ती तयारीत आहे.

तपासणी अशी करा. एक आठवडा कागद पिंजऱ्याशेजारी लटकवा अन् रोज लिहा की सकाळी पहिला उजेड पिंजऱ्यावर कवा पडला अन् रात्री शेवटचा कवा गेला. फक्त त्या खोलीचं बटन धरू नका. स्वयंपाकघरातून येणारा उजेड, टीव्ही, मागच्या दाराचा बल्ब, रात्री लघवीले उठणाऱ्यानं लावलेला लाईट, हे सगळं धरा. अन् आता गावोगावी खांबावर पांढरे एलईडी लागले आहेत, त्यांचा उजेड खिडकीतून थेट पिंजऱ्यात येते, पहिले पिवळ्या बल्बच्या काळात हा प्रश्न एवढा नव्हता. रात्री सगळे लाईट बंद करून पिंजऱ्याच्या जागी आपला हात धरा, हाताची सावली भिंतीवर पडून राहिली असंल तं तिथं अंधार नाही.

आता दुरुस्ती. पिंजरा टीव्हीच्या खोलीतून काढता आला तं सगळ्यात चांगलं, नाही आला तं जाड गडद कपडा, जुनी गोधडी चालते, तीन बाजूंनी अन् वरून टाका, चौथी बाजू भिंतीकडं करून थोडी मोकळी ठेवा म्हणजे हवा खेळते. पूर्ण गुंडाळू नका. रोज एकाच वेळी, समजा संध्याकाळी सहा-साडेसहाले झाकायचं अन् सकाळी सातले काढायचं. साधारण १२ तास उजेड अन् १२ तास अंधार हे बाकी वेळेसाठी ठीक आहे, पण मादी अंडी थांबवत नसंल तं २-३ आठवडे उजेड ८ ते १० तासांवर आणा, मटका काढून टाका, भिजवलेलं अन् अंडं बंद करा, साधं कोरडं धान्य, थोडी पालेभाजी अन् समुद्रफेस (कॅल्शियमसाठी चोचीनं कुरतडायचा पांढरा तुकडा) ठेवा. दिलेली अंडी मात्र रोजच्या रोज उचलू नका. अंडं उचललं की मादी त्याची भरपाई म्हणून दुसरं देते, लोक इथंच फसतात. पिल्लं नको असतील तं अंडी उकडून, थंड करून परत ठेवा, आठ-पंधरा दिवसांत, कधी तीन आठवड्यांत तिचा जीव उडते त्यावरून, मंग उचला. जागा अन् पिंजऱ्यातली मांडणी थोडी बदलली तरी फरक पडते.

इथपर्यंत बरेच जण येतात, पिंजऱ्यावरच्या लाईटले टायमर पण लावतात, अन् महिनाभरानं सांगतात की भाऊ, पुन्हा तेच सुरू झालं. हा त्रास फिरून फिरून येते त्याचं मोठं कारण माझ्या मते हा टायमरच आहे. बाजारात स्वस्तातला जो गोल चकतीचा टायमर मिळते, ज्याले बारीक खुंट्या दाबायच्या असतात, तो लाईनवर फिरते. लाईन गेली की चकती थांबते. दिवसात तीन तास लाईन गेली तं टायमर तीन तास मागं पडला, म्हणजे सहाले बंद होणारा लाईट रात्री नऊले बंद होईल, दुसऱ्या दिवशी आणखी मागं. चार दिवसांत दिवसाची रात्र होते अन् घरातल्यांचं ध्यानही जात नाही, कारण त्यांले वाटते टायमर आहे ना. आपल्याकडं लाईनचा भरवसा नाही, म्हणून घ्यायचा तं आतून बॅटरीवर घड्याळ चालणारा डिजिटल टायमर घ्या, लाईन गेली तरी त्याचा टाइम चुकत नाही. चकतीचाच असंल तं रोज सकाळी मोबाईलच्या घड्याळाशी मिळवून पाहा, नाही तं टायमर काढून हातानं बटन दाबा, ते बरं.

रात्रीच्या फडफडीकडं येतो. कॉकटेलमध्ये हे सगळ्यात जास्त दिसते, बजरीगर अन् फिंचमध्ये पण होते. पाखराले अंधारात फारसं दिसत नाही, दचकलं की जिकडं तोंड तिकडं उडते अन् जाळीवर आपटते, एक दचकलं की सगळे सुरू. दचकायचं कारण शोधा: मांजर, उंदीर, पाल, खिडकीवर पडणारे गाडीचे हेडलाईट, लग्नसराईत फटाके. पण आपल्या गावांत एक कारण असं आहे जे शहरातल्या लोकांच्या ध्यानातच येत नाही. संध्याकाळी लाईन गेली, लोक तसेच झोपले, ट्यूबचं बटन चालूच राहिलं, अन् रात्री दोनले लाईन आली. काळ्याकुट्ट अंधारातून एका क्षणात अख्खी खोली पांढरी होते अन् पंखा पण फिरायले लागते. पाखराले कसं होत असंल विचार करा. म्हणून झोपायच्या आधी पिंजरा असलेल्या खोलीतलं एकेक बटन बंद आहे का पाहायचं, लाईन नसंल तेव्हा तं नक्कीच, अन् ज्या बोर्डावर खूण कळत नाही तिथं बटनाच्या खालच्या बाजूले नेलपॉलिशचा ठिपका लावून ठेवा.

झिरो बल्ब लावावा का? ज्या पिंजऱ्यात फडफड वारंवार होते तिथं लावा, बाकीच्यांले गरज नाही. पिंजऱ्याच्या आत नाही, लांब, भिंतीच्या खाली, असा की पाखराले दांडी कुठं आहे एवढंच दिसलं पायजे. निळा-पांढरा नको, पिवळट अन् मंद. अन् तो लाईनवरचा असंल तं लाईन गेल्यावर तोही जाते अन् तिथंच पाखरू दचकते, त्यापेक्षा चार्जिंगचा छोटा दिवा किंवा सोलरवरचा मंद दिवा बरा. इन्व्हर्टर बल्ब, म्हणजे ज्याच्या आत बॅटरी असते अन् लाईन गेली की आपोआप चालू राहते, तो संध्याकाळच्या वेळेले फार कामाचा आहे, कारण ऐन जेवणाच्या वेळी लाईन गेली तरी पिंजऱ्यावर एकदम काळोख होत नाही. पण त्याचं बटन रात्री बंद करायचं विसरलात तं लाईन नसली तरी तो बॅटरी संपेपर्यंत जळत राहील.

संध्याकाळी मोठा लाईट एकदम बंद करू नका. पहिले मोठा बंद, मंद दिवा पंधरा-वीस मिनिटं चालू, तेवढ्यात सगळे आपापल्या दांडीवर जाऊन बसतात, मंग कपडा टाका. जंगलात सूर्य काही बटन दाबल्यासारखा मावळत नाही. फडफड सुरू झालीच तं ट्यूब लावू नका, मंद उजेड करा, हळू आवाजात बोला, हात पिंजऱ्यात घालू नका. शांत झाल्यावर पंख पाहा. थोडं रक्त असंल तं स्वच्छ कापडानं दाबून धरा, पिसाच्या टोकाले कॉर्नफ्लोअर लावलं तरी थांबते. वाढणारं नवीन पीस तुटलं असंल तं त्याच्यात रक्त असते, ते वाहतच राहिलं तं डॉक्टरकडंच न्या.

थंडीचा बल्ब हा वेगळा विषय आहे अन् इथं लोक माया करता करता त्रास वाढवतात. गोंदिया, नागपूरकडं पारा ८-१० अंशांपर्यंत उतरते, मंग पिंजऱ्याले ६० वॅटचा तारेचा बल्ब रात्रभर लावून ठेवतात. पाखराले गरमी भेटते पण रात्र भेटत नाही. मोठं, निरोगी पाखरू कोरडं असंल अन् त्याच्यावर वाऱ्याचा झोत येत नसंल तं आपली थंडी सोसते. पिंजरा दारा-खिडकीच्या ओळीतून काढा, मागून पोतं लावा, वरून गोधडी, एवढं बहुतेक वेळा पुरते. गरमी खरंच लागते ती आजारी पाखराले अन् आईनं सोडलेल्या पिल्लाले, तिथं उजेड न देणारा सिरॅमिक हीटर मिळते तो वापरा, पिंजऱ्याच्या बाहेरून, एका कोपऱ्यालेच, म्हणजे गरम वाटलं तं पाखराले सरकायले जागा राहते. त्याले होल्डर चिनी मातीचाच लावा, प्लास्टिकचा वितळते. अन् काही हीट बल्बांवर फुटू नये म्हणून टेफ्लॉनचा थर असते, तो तापला की त्याची वाफ पाखराले मारून टाकते, माणसाले वास पण येत नाही. नॉनस्टिक तवा जास्त तापला तरी हेच होते, म्हणून पिंजरा स्वयंपाकघरात कधीच नको.

लुकलुक. आपली लाईन ५० हर्ट्झची, त्यामुळे जुन्या पट्टीच्या चोकवाली ट्यूब सेकंदाले १०० वेळा कमी-जास्त होते. माणसाच्या डोळ्याले साधारण ५०-६० च्या वर कळत नाही, काही लहान पक्ष्यांना १०० च्या वरही कळते. सगळ्या जातींचा आकडा सारखा नाही, पण टोकं काळी झालेली ट्यूब अन् स्वस्त एलईडी पट्टी पिंजऱ्यावर नको हे नक्की. वरून आपल्याकडं रात्री शेतातले पंप सुरू झाले की व्होल्टेज पडते अन् हलका एलईडी डोळ्यादेखत फडफडायले लागते. तपासायचं कसं, तं मोबाईलचा कॅमेरा स्लो मोशनवर टाकून लाईटचा व्हिडिओ काढा, काळे पट्टे सरकताना किंवा उजेड धडधडताना दिसला तं तो बल्ब बदला. किंवा लाईटखाली पेन्सिल जोरानं हलवा, एक सलग धूसर पट्टा दिसला तं ठीक, वेगवेगळ्या पाच-सात पेन्सिली दिसल्या तं लुकलुक आहे. चांगल्या ड्रायव्हरचा (म्हणजे आतल्या सर्किटचा) एलईडी, ज्याच्यावर कमी व्होल्टेजची रेंज लिहिलेली असते, तो घ्या, किंवा इलेक्ट्रॉनिक चोकची ट्यूब. दिवसा चिडचिड अन् एकमेकांची पिसं उपटणं यात कधीकधी एवढ्यानंच फरक दिसते.

आता अल्ट्राव्हायोलेट, कारण दुकानदार ‘फुल स्पेक्ट्रम’ लिहिलेला एलईडी विकून राहिले अन् लोक समजतात झालं काम. साध्या एलईडीत अल्ट्राव्हायोलेट नसतेच. पाखराले कॅल्शियम अंगी लागायले व्हिटॅमिन डी-३ पायजे, ते यूव्हीबी (अल्ट्राव्हायोलेटचाच एक प्रकार) किरणांनी त्याच्या अंगावर तयार होते, शेपटीवरच्या ग्रंथीतलं तेल ते चोचीनं पिसाले लावते, त्यावर ऊन पडते अन् पिसं साफ करताना ते पोटात पण जाते असं मानतात. खिडकीची काच यूव्हीबी जवळपास पूर्ण अडवते, म्हणून काचेमागचं ऊन यात धरू नका. बाहेर यूव्हीबीच्या ट्यूब मिळतात, पक्ष्यांसाठीच्या वेगळ्या असतात, सरड्या-सापांसाठीच्या जास्त ताकदीच्या लावल्या तं डोळे खराब होतात. लावायची तं वरूनच, बाजूनं नाही, मधात काच-प्लास्टिक नको, अंतर पाकिटावर लिहिलेलं पाळायचं अन् साधारण वर्षानं बदलायची, कारण ती जळत राहते पण यूव्हीबी संपलेलं असते. तालुक्याले हे काही मिळत नाही अन् मले विचाराल तं आपल्याले गरज पण नाही. विदर्भात ऊन कमी आहे का?

पिंजरा सपरीत किंवा आंगणात आणा, रोज २०-३० मिनिटं, नाही जमलं तं आठवड्यातून चार दिवस. थंडीत सकाळी दहा-अकराचं ऊन, उन्हाळ्यात आठच्या आसपास, त्यानंतर नाही. कोवळ्या लालसर उन्हात यूव्हीबी फार कमी असते, हे पण ध्यानात ठेवा. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा थोडी मोठी ते दोन पट असली की ती वेळ चांगली. अर्धा पिंजरा सावलीत पायजेच, पाणी आत, अन् माणूस जवळ, कारण शिक्रा, मांजर अन् वानरं टपलेलीच असतात. चोच उघडी ठेवून धापा टाकणं, पंख अंगापासून लांब धरणं दिसलं की तडक सावलीत.

एप्रिल-मे मध्ये उलटाच प्रकार होते. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडं ४५ च्या वर जाते, लोक खिडक्यांले ताट्या लावतात, कुलर सुरू, घरात दिवसा पण अंधार. पिंजरा तिथं कोपऱ्यात, बरोबरच आहे, नाही तं मरतील. पण मंग दिवसभर अंधार अन् रात्री ट्यूबचा उजेड, म्हणजे पाखराचा दिवस रात्री सुरू होते, मेमध्ये रात्री ओरडणारी पाखरं बहुतेक याच कारणानं. तिथं सकाळी सातपासून संध्याकाळपर्यंत पिंजऱ्यावर वरून एक चांगला एलईडी लावा, अन् संध्याकाळी घरातले लाईट लागले की पिंजऱ्यावर कपडा. उन्हाळ्यात पातळ सुती कपडा, दोन पदरी, अन् कुलरचा झोत थेट अंगावर नको.

सगळंच लाईटमुळं होते असं नाही. चोचीभोवती अन् पायाले पांढरी खरपुडी दिसली तं ती किडीची, त्याले उजेड बदलून काही होणार नाही, औषधच लागते. वर्षातून एक-दोनदा पिसं झडून नवीन येणं पण नेहमीचं आहे, नवीन पिसांचे बारीक खुंट दिसून राहिले तं घाबरू नका, टक्कल पडून तशीच राहिली तं दाखवा. अन् मादी फुगून पिंजऱ्याच्या तळाले बसली, शेपटी वर-खाली हलून राहिली, जोर लावून राहिली पण अंडं येत नाही, तं लाईटबिईट सगळं सोडा. तिले डब्यात मऊ कापडावर, अंधाऱ्या अन् ३० अंशांच्या आसपास गरम जागी ठेवा, बाजूले गरम पाण्याची वाटी, पोट अजिबात दाबू नका, आत अंडं फुटलं तं ती जाते. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात फोन करा, अन् जमत असंल तं नागपूरले सेमिनरी हिल्सच्या किंवा अकोल्याच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात न्या, सकाळची वाट पाहू नका. जाताना तो उजेडाच्या वेळा लिहिलेला कागद अन् ती नरम अंडी असतील तं ती पण सोबत न्या, डॉक्टर पहिले तेच विचारतात.